विस्तवाची अट

आवडा शिंगाडे माझ्याकडे राहायला आली ती दिवाळीच्या सुट्टीत. सुट्टी लागली की मुली होस्टेल सोडून घरी जातात. हिलाही होस्टेल सोडावं लागणार होतं, कारण ते बंद होणार होतं. पण जायला घर नव्हतं. म्हणजे माणसं सगळी होती. वडील, आजी, भाऊ, भावजय. घर मात्र चालत होतं. वैजापूर तालुक्यातल्या एका गावात त्यांची रेशनकार्डापुरती खोली होती. पावसाळा संपला की तिला कुलूप लावून सगळी मंडळी मेंढ्या घेऊन निघत, ती मृगापर्यंत या शेतातून त्या शेतात फिरत राहत. मेंढ्या, घोडी, चूल, कोंबड्या आणि माणसं मिळून जो मुक्काम पडतो त्याला ते वाडा म्हणतात. त्या दिवाळीत वाडा कुठे आहे हे आवडालाही ठाऊक नव्हतं.

हे १९८७ सालचं. आमचं शहर तेव्हा औरंगाबाद होतं. मी भावसिंगपुऱ्यात राहत होते, अजूनही तिथेच आहे. माझे यजमान बांधकाम खात्यात होते. ते गेल्यावर वरची खोली रिकामीच होती. आमच्या गल्लीच्या टोकाला कंधारकर मॅडम राहत. त्या विद्यापीठात एम.एस्सी.च्या मुलांना मायक्रोबायोलॉजी शिकवत. एके संध्याकाळी त्या येऊन म्हणाल्या, "माझी एक विद्यार्थिनी आहे. दुसरं वर्ष. हुशार आहे, फक्त बोलत नाही. ठेवून घ्याल का? तिला इंग्रजी लिहिताना कुणीतरी शेजारी बसणारं हवं आहे, आणि तुम्ही नन्सच्या शाळेत शिकलेल्या."

मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी एक पत्र्याची पेटी, पुस्तकांचं बोचकं आणि घडी घातलेली काळी घोंगडी घेऊन आवडा आली. उंच, सावळी, पावलं मोठी टाकणारी. जिना चढताना तिनं डोकं उगाचच खाली वाकवलं. पुढे मला कळलं की तिला ती सवयच होती. पालात शिरताना वाकावं लागतं.

ती खरंच बोलत नसे. जेवायला खाली ये म्हटलं की येई, ताट धुऊन ठेवी, वर जाई. तिच्या वर्गातल्या मुली जालना, परभणी, नांदेडच्या. त्यांना घरून पत्रं यायची, फराळाचे डबे यायचे. हिला पत्र कोण लिहिणार? आणि हिनं लिहायचं तर कोणत्या पत्त्यावर? दर आठवड्याला ती छावणीच्या बाजारात जायची, ते मला आधी वाटलं भाजीला जाते. ती जनावरांच्या बाजारात जाऊन बोकड विकायला आलेल्या माणसांना विचारायची, "केरबा शिंगाड्याची मेंढरं कुठं दिसली का?" कुणी म्हणायचं गंगापूरच्या बाजूला, कुणी म्हणायचं जालना रोडला. त्या उत्तरावर तिचा आठवडा जायचा.

असाच निरोप उलट्या वाटेनं केरबांपर्यंत पोचला आणि एक दिवस ते माझ्या दारात उभे राहिले. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी.

"हितंच ऱ्हाती व्हय मही लेक?"

मी त्यांना खुर्ची दिली. ते पायरीवर बसले.

"खुर्चीवर बसा ना."

"नगं बाई. खुर्चीवर बसलं की मानसाला उठू वाटत नाय. मेंढरं करमाडच्या रानात सोडून आलोय."

आवडानं त्यांना वरची खोली दाखवली. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, छताकडे पाहिलं. "पक्कं हाये. पर वारं कुठून येतं?"

"खिडकी हाये की, बा."

"एवढ्याशा भोकातून? मंग वारं बी वाकूनच येत असंल."

आवडा हसली. माझ्या घरात ती हसलेली मी पहिल्यांदा ऐकलं.

खाली येऊन चहा घेताना तिनं मुख्य गोष्ट काढली. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक विषय घेऊन प्रबंध करावा लागतो. कुणी विहिरीचं पाणी तपासत होतं, कुणी दवाखान्यातले नमुने. हिनं स्वतःहून विषय मागून घेतला होता: मेंढ्यांची दगडी. कास सुजते, दगडासारखी घट्ट होते, दुधात गुठळ्या येतात, कधी कधी एक बाजू कायमची आटते. हा आजार कोणत्या जंतूंमुळे होतो आणि त्यांतले कोणते कोणत्या औषधाला दाद देतात, हे तिला शोधायचं होतं.

"बा, मला दगडी झालेल्या मेंढ्यांचं दूध पायजे."

"कोन पिनार?"

"पिनार नाय कोनी. त्यातला जंतू बघायचा. कोन्ता हाये ते."

"आन सापडला तर?"

"मंग मला पास करतील."

केरबा माझ्याकडे वळले. "बघा बाई. जंतू आमच्या मेंढराचा, आन पास ही!" मग त्यांनी बशीतला चहा संपवला. बशी खाली ठेवली आणि वेगळ्याच आवाजात म्हणाले, "ने दूध. पायजे तेवढं ने. पर इस्तवावर जाऊ द्यायचं नाय."

त्यांच्या वाड्याची ही रीत होती. चांगलं दूधसुद्धा तापवताना बाई चुलीपुढून हलत नसे, कारण उतू जाऊन विस्तवात जळलं तर मेंढीच्या कासेला पोळतं असं ते मानत. आजारी मेंढीचं दूध तर चुलीकडे न्यायचंच नाही. ते पिळून वारुळावर ओतायचं.

"जबान दे," ते म्हणाले.

"दिली, बा."

मला त्यात काही अडचण दिसली नाही. प्रयोगशाळेत दूध तापवतील कशाला, असंच मला वाटलं. ते गेल्यावर आवडा पायरीवर बराच वेळ बसून राहिली तेव्हा मी विचारलं, काय झालं. तिनं मला समजावून सांगितलं. त्यांच्या प्रयोगशाळेत विस्तवाशिवाय काहीच होत नाही. जंतू उचलायची तार असते, ती दर वेळी बर्नरच्या ज्योतीत लाल करतात. आणि काम संपलं की नळ्या, जंतू वाढवायच्या काचेच्या बशा, सगळं ऑटोक्लेव्हमध्ये जातं. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. त्याच्या वाफेत प्रत्येक जंतू मरेपर्यंत शिजवल्याशिवाय एक नळीही धुवायला द्यायची नाही, हा पहिला नियम.

"मग तू जबान कशी दिलीस?"

"वाट काढीन, काकू."

तिनं खरंच वाट काढली. तारेऐवजी ती काडीला कापूस गुंडाळून बोळे करायची, ते आधीच निर्जंतुक करून ठेवायची आणि दुधाला फक्त बोळा लावायची. वर्गातली मुलं म्हणायची, "आवडा दुधाचे कान साफ करते." दुधातून वेगळा काढून जंतू वाढवला की मग त्याच्यासाठी तार वापरायला तिची हरकत नव्हती. "जंतू म्हणजे दूध नाही," ती मला म्हणाली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की हे बरोबर आहे ना ते मीच सांगावं. मी काय सांगणार? मी तिच्या इंग्रजीतली क्रियापदं दुरुस्त करत होते.

राहता राहिलं नळ्यांत उरलेलं दूध. ते ती वारुळावर नेऊन ओतणार होती. पण पहिल्याच खेपेला घोटाळा झाला. करमाडहून आणलेल्या नमुन्यांचं काम आटोपून ती एका व्याख्यानाला गेली. प्रयोगशाळेतले शिपाई रामकिसन यांनी टेबल आवरायला घेतलं. ही मुलगी एकटीच राबत असते, तेवढंच तिचं काम हलकं होईल, म्हणून त्यांनी तिच्या नळ्यांची जाळी उचलून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली. ती परत आली तेव्हा झाकण उघडलेलं होतं. दूध करपून तांबूस झालं होतं आणि खोलीभर त्याचा वास होता.

"तुमचं बी उरकून टाकलं, ताई," रामकिसन म्हणाले.

तिनं त्यांचे आभार मानले.

हे तिनं मला त्याच दिवशी सांगितलं. केरबांना सांगितलं नाही. सांगणार होती, पण वाडा तोवर करमाडहून हलला होता. पुन्हा गाठ पडली तेव्हा आजूबाजूला माणसं होती, मग बसची वेळ झाली. असं राहून गेलं.

त्यानंतर ती नळ्या कुणाच्या हाती लागू देईना. उरलेलं दूध डब्यात घालून विद्यापीठामागच्या टेकडीकडे न्यायची आणि तिथल्या एका वारुळावर ओतून यायची. दुधाचा बोळा फिरवलेल्या बशाही तिला विस्तवात घालवेनात. ज्यावर जंतू वाढतात तो त्यांतला गरही खरवडून ती तिथेच टाकायची. आपण करतो ते चूक आहे हे तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. आजाराचे जिवंत जंतू उघड्यावर टाकणं ही त्या अभ्यासातली सगळ्यात मोठी चूक. जिथे शेळ्या चरतात, पोरं खेळतात, तिथे ती ते टाकत होती. ती ते मान खाली घालून करायची आणि परत येऊन हात धूत बसायची.

संक्रांतीनंतर एका मुलीनं तिला तिथे पाहिलं. कंधारकर मॅडमनी बोलावून विचारलं. आवडा उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. मॅडमनी तिला प्रयोगशाळेत यायला मनाई केली.

परीक्षा उन्हाळ्यात. प्रयोगशाळा बंद म्हणजे प्रबंध बंद, आणि प्रबंध नाही तर पदवी नाही. तिच्या गणगोतात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. ती वर खोलीत बसून राहायची. मी दार वाजवलं की म्हणायची, "वाचतेय, काकू." दिवा लावलेला नसायचा.

शेवटी मी म्हणाले, "मॅडमना खरं कारण सांग."

"त्या हसतील."

"हसू देत."

"त्या हसल्या तर चालेल. पण मग सगळे बाला हसतील. माझ्या बाला मी माझ्या वर्गात नाही आणणार." एवढं लांब वाक्य ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मग म्हणाली, "आणि वाड्यावर सांगितलं तर तिथे शाळेला हसतील. मी कुठे बसू?"

तरी ती गेली. मॅडमच्या घरी गेली, विद्यापीठात नाही. मॅडमनी ऐकून घेतलं. "मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही हसला असता."

"हसले असते," मॅडम म्हणाल्या. "आणि मग फिनॉलची बाटली दिली असती. जंतू मारायला विस्तवच लागतो असं कुणी सांगितलं तुला? सगळं फिनॉलमध्ये बुडवून ठेव. माझ्या डोळ्यांदेखत. आणि त्या वारुळावरही ओतून ये आधी."

इतकं सोपं होतं ते. आवडा घरी आली आणि जिन्यातच बसून रडली.

मार्च महिन्यात शेवटच्या खेपेचं दूध हवं होतं. ज्या मेंढ्या आधी तपासल्या त्याच पुन्हा तपासायच्या, म्हणजे जंतू तोच आहे की बदलला ते कळतं. वाडा फिरत फिरत पुन्हा करमाडच्या बाजूला आला होता. मीही तिच्याबरोबर गेले. एस.टी.तून उतरून आम्ही ज्वारी काढलेल्या शेतातून चालत गेलो. लांबून जाळीचं कुंपण दिसलं, त्याच्या आत मेंढ्या, बाहेर तीन दगडांची चूल आणि चुलीशी आवडाची आजी, बानाबाई.

"आली का गं डाक्टरीन? आन ह्या कोन? तुह्या मास्तरीनबाई?"

"नाय आज्जे. ह्या घरवाल्या काकू."

"बसा बाई. हितं खुर्ची नाय, पर बसाया रान लई हाये."

केरबा कुंपणाच्या आत एका मेंढीपाशी बसले होते. त्यांनी आम्हाला हाक मारली नाही. मेंढीची कास एका बाजूनं लहान, काळपट, सुरकुतलेली होती. ती बाजू आता कधी दूध देणार नव्हती. आणखीही दोन-तीन मेंढ्यांना दगडी झाली होती.

"शिकून आली न्हवं?" बानाबाई नातीला म्हणाली. "सांग की मंग कामून सुकली. म्या सांगू? दूध जळलंय कुठंतरी."

"आज्जे, तसं नसतंय. ओल्या रानात बसवली असतील. कोकरानं चावलं की जखम व्हती, तिच्यातून जंतू शिरतो."

"जंतू शिरतो म्हनं! आन आजवर कुठं ऱ्हात व्हता त्यो? तुह्या कालेजात?"

केरबा उठून आले. त्यांनी आईला हातानं गप्प केलं. "आवडे, तू म्हनती ते खरं असंल. ओल व्हती. मी बघितलीय. मी येगळंच इचारतोय. तू जबान दिली व्हती. जळलं का नाय जळलं?"

मी तिच्याकडे पाहत होते. तिनं नाही म्हटलं असतं तर तिथे खोटं पाडणारं कुणी नव्हतं. फिनॉल, कापसाचे बोळे, टेकडीवरचे हेलपाटे, हे सगळं ती सांगू शकली असती आणि ते सगळं खरंच होतं.

"जळलं, बा. पयल्या खेपेचं. मी तिथं नव्हते. पर मला म्हाईत पडलं त्याच दिशी, आन मी तुला सांगितलं नाय."

केरबांनी मान हलवली. तिच्या हातातली नळ्यांची पिशवी घेतली. मला वाटलं ते आता दूध पिळायला जातील. त्यांनी पिशवीचं तोंड नीट बांधलं आणि ती तिच्याकडे परत दिली.

"मंग आता नाय देता येत."

"बा, शेवटची खेप हाये. ह्याच्याबिगर..."

"तू पास व्हशील. लई हुशार हायेस. पर मह्या मेंढराच्या कासेला आता तुहा हात नाय."

आत्तापर्यंत टोमणे मारणारी बानाबाईच चुलीपुढून उठली. "आरं केरबा, पोरगी हाये ती! पोटची!"

"पोटची म्हून तर जबान घेतली. परक्याकून कोन घेतं?"

कुणी ओरडलं नाही. आम्हाला भाकरी आणि ठेचा वाढला. केरबा आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आले. एस.टी. येईपर्यंत उभे राहिले, माझ्याशी पाऊसपाण्याचं बोलले. आवडाच्या डोक्यावर हात ठेवला. बस सुटल्यावर तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि शहर येईपर्यंत ती रिकामी पिशवी दोन्ही हातांनी धरून बसली.

शेवटचे नमुने तिनं सरकारी फार्मवरच्या मेंढ्यांचे घेतले. तिथल्या लोकांना दूध जळलं काय आणि सांडलं काय, सारखंच. प्रबंधात एक त्रुटी राहिली, ती मॅडमनी तिला स्पष्ट शब्दांत लिहायला लावली आणि ते वाक्य मी दुरुस्त केलं. ती पहिल्या वर्गात पास झाली. पेढे तिनं आमच्या गल्लीत वाटले, रामकिसनना दिले. वाड्यावर पाठवायचा पुडा बाजारातल्या एका बोकडवाल्याकडे दिला. तो पोचला की नाही ते तिला कधी कळलं नाही.

पुढे तिला चितेगावला औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली. तयार औषधात जंतू शिरला नाही ना, ते बघायचं काम. पैठण रोडला एक खोली घेऊन ती राहू लागली. लग्नाचं दोनदा जमत आलं. एका स्थळाला इतकी शिकलेली नको होती, दुसऱ्याला वाड्यावरची सोयरीक नको होती. मग तिनं विषय बंद केला. कधीकधी रविवारी माझ्याकडे यायची, माझी बिलं भरून द्यायची, वरच्या खोलीत जाऊन थोडा वेळ बसायची.

दर वर्षी दिवाळीला मात्र ती वाडा शोधत जायची. बाजारात विचारत, एस.टी. बदलत, शेतं तुडवत. केरबांनी तिला ये म्हटलं नाही आणि येऊ नको असंही कधी म्हटलं नाही. जाळीच्या आत ती जायची नाही. बाहेर घोंगडी अंथरून बसायची. मेंढ्या तिला ओळखायच्या, जाळीपाशी येऊन उभ्या राहायच्या. ती हात मांडीवर ठेवायची.

"आणि बा?" मी एकदा विचारलं.

"बा काम टाकून बाहेर येतो. माझ्याजवळ बसतो. मेंढ्यांचं मी विचारत नाही, आणि माझ्या कामाचं त्यानं कधी विचारलं नव्हतं. या वर्षी विचारलं."

"काय?"

"म्हणाला, आता कोन्ता जंतू बघती? मी सांगितलं, औषधातला. म्हणाला, सापडला तर काय करत्यात? मी सांगितलं, सगळा माल बाद करतात. म्हणाला, जाळत्यात व्हय? मी म्हटलं, व्हय बा, जाळत्यात."

"मग?"

"म्हणाला, जाळा. ते काय दूध नाय." आवडानं पदर नीट केला. "मग आम्ही बसून राहिलो. दिवस मावळायला आला तशी मेंढ्या पिळायची वेळ झाली, बा उठून आत गेला आणि मी बससाठी रस्त्याला लागले."